तिसरीतल्या मुलीला भूरूपं शिकवायला काय घेऊ? (बजेट ५००, ठाणे)

माजिवड्याची_आई
नमस्कार. लेक तिसरीत, इंग्रजी माध्यम. शाळेत 'लँडफॉर्म्स' चालू आहे, पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा. व्याख्या घडाघडा म्हणते, पण परवा खिडकीतून येऊरच्या उंचवट्याकडे (तो संजय गांधी नॅशनल पार्कमध्येच येतो) बोट दाखवून "हे काय आहे?" विचारलं तर म्हणाली, "नॅशनल पार्क". चूक तरी कसं म्हणू? ग्लोब, उठावाचा नकाशा, फ्लॅशकार्ड, काय घेऊ? बजेट ५००. वन बीएचके आहे, मोठं काही मावणार नाही. अ‍ॅप नको.

कोपरखैरणेकर
ग्लोबच घ्या, पण आत दिवा असलेला. आम्ही २,२०० ला घेतला. रात्री नाइटलॅम्पचंही काम होतं.

खारेगावकर
ग्लोबच्या वाटेला जाऊ नका. आमचा मे महिन्यात खिडकीपाशी राहिला आणि बरोब्बर विषुववृत्तावर उकलला. फेव्हिक्विकने चिकटवला तर आफ्रिका वरची आणि खालची जुळेना, बोटभर सरकलेली. आता चिरंजीव दक्षिण गोलार्धात गोट्या ठेवतात.

माजिवड्याची_आई
😀 ५०० मध्ये काही आहे का?

वाशी_सेक्टर१७
उठावाचा ग्लोब बघा. डोंगरावरून बोट फिरवलं की मुलांना लगेच कळतं. तीनेक हजार जातील, पण एकदाच घ्यायचा असतो.

हिशेबी
उठावाचे ग्लोब फसवे असतात. ३० सेंटिमीटरच्या ग्लोबवर एव्हरेस्ट (८,८४९ मीटर) खऱ्या प्रमाणात काढला तर जेमतेम ०.२ मिलिमीटर भरेल. वहीची दोन पानं. बोटाला लागतो म्हणजे कितीतरी पट फुगवलेला आहे. आणि खिंड, टेकडी, खाडी ग्लोबवर दिसणार कुठे? खंड-महासागरांपुरता तो ठीक.

वाशी_सेक्टर१७
बोटाला लागावा म्हणूनच फुगवतात हो.

जुना_नौपाडा
आमच्या वेळी मास्तर मैदानात काठीने नदी काढायचे. ठाण्यात राहून भूगोलाला पैसे कसले खर्च करता? रेल्वे १८५३ ला ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली, १९१६ ला पारसिकचा डोंगर फोडून बोगदा झाला. सगळं एका ओळीत दाखवता येतं. मुलीला ओहोटीला कळव्याच्या पुलावर न्या. चिखल, तिवरं, चिखलात टोचणारे बगळे दिसतील. सहा तासांनी भरतीला तीच जागा परत दाखवा. समुद्राचं पाणी आत घुसतं ती खाडी, हे मग सांगावंही लागत नाही. आणि विचारा, आपण बेटावर राहतो की नाही?

घोडबंदर_रोजचा
ठाणे बेट? मी रोज अंधेरीला जातो, होडी लागली नाही कधी.

जुना_नौपाडा
पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी. साष्टी बेट म्हणतात त्याला. अंधेरीही त्यावरच, मग होडी लागेल कशाला?

खारेगावकर
काका, कळवा-खारेगाव मात्र बेटावर नाही. आम्ही मुख्य भूमीवाले.

घोडबंदर_रोजचा
असेल. गायमुखला दीड तास अडकलो की मलाही बेटावर असल्यासारखंच वाटतं.

ऐरोलीच्या_बाई
मी प्राथमिकला शिकवते. दोन गोष्टी. पहिली, खाडी या शब्दाचा घोळ. हिंदीत 'बंगाल की खाड़ी' म्हणजे आपला बंगालचा उपसागर. मुलं हिंदीच्या तासाला ती खाडी ऐकतात, घरी ठाण्याची, आणि पेपरात 'ठाणे बे' लिहून येतात. ठाण्याची ती 'क्रीक', हे आधी पक्कं करा.
दुसरी, व्याख्या सुट्या शिकवू नका, उलटसुलट जोड्या लावा. बेट म्हणजे भोवती पाणी, तळं म्हणजे भोवती जमीन. संयोगभूमी दोन जमिनी जोडते (पनामा), सामुद्रधुनी दोन समुद्र जोडते (जिब्राल्टर). ताटात कणकेचा गोळा ठेवून पाणी ओता, झालं बेट. तीच कणीक कडेकडेने लावून मध्ये पाणी, झालं तळं. बोटाने कडेला चर पाडून पाणी बाहेर काढलं की नदी कुठून निघते ते मूल स्वतःच सांगतं. फ्लॅशकार्डाने नुसतं पाठ होतं.

खारघर_वहिनी
कणीक नको गं बाई! मी मीठ घालायला विसरले. तिसऱ्या दिवशी सह्याद्रीला बुरशी, पाचव्या दिवशी मुंग्या. शाडू घे, गणपतीच्या कारखान्यात मिळते.

घोडबंदर_रोजचा
येऊर टेकडी की डोंगर, ते कोणीच सांगितलं नाही.

हिशेबी
६०० मीटरच्या वर पर्वत असं बरेच ठिकाणी शिकवतात. नॅशनल पार्कमधलं सर्वांत उंच टोकही ५०० च्या आत आहे. म्हणजे टेकडीच. कळसूबाई १,६४६.

जुना_नौपाडा
टेकडी काय? येऊरचा डोंगर! पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय.

ऐरोलीच्या_बाई
जगभर मान्य असा एकच आकडा नाही. बाई वर्गात जो सांगतील तो लिहायचा.

कोपरखैरणेकर
पठार मात्र पाचगणीला जाऊन दाखवा. आम्ही टेबललँडवर घोड्यावर बसवलं होतं. ६,५०० ची खोली होती, नाश्ता धरून.

माजिवड्याची_आई
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. कणकेचं करणार होते, पण सासूबाई म्हणाल्या अन्नाशी खेळायचं नाही. शाडू आणायला निघालो आणि स्टेशनजवळच्या दुकानात बाईसाहेबांना छोटा ग्लोब दिसला. जागची हलेना. ३८० ला दिला. दिवा नाही, उठाव नाही. मुंबईचा ठिपका आहे, त्याच्या शेजारी तिने लाल पेनाने 'मी' लिहिलंय. तो 'मी' पार नागपूरपर्यंत गेलाय.
कळव्याच्या पुलावर एकदाच गेलो, ओहोटीला. नाक धरून उभी होती. भरतीचं राहिलंच.
तोंडी परीक्षेत बेटाचं नाव विचारलं तर "ठाणे" म्हणाली. अर्धा मार्क मिळाला.

जुना_नौपाडा
अर्धा?? त्या बाईंना माझ्याकडे पाठवा.

खारेगावकर
मे महिन्यात खिडकीपासून लांब ठेवा.