निमंत्रणपत्रिकेवरील राजमुद्रेबाबत

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाच्या पत्रिकेचा नमुना सोबत जोडला आहे. वरच्या बाजूस राजमुद्रा, म्हणजे भारताचे सिंहांचे राजचिन्ह, असून तिच्याखाली सोसायटीचे नाव आहे. हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

ए-३०४ : नमुना देखणा आहे, परंतु राजमुद्रा काढावी लागेल. राजमुद्रेचा अयोग्य वापर रोखणारा २००५ चा कायदा आणि त्याखालील २००७ चे नियम यांनुसार कोणत्याही खासगी संस्थेला, ती नोंदणीकृत असली तरी, लेटरहेड, पत्रक किंवा बिल्ला अशा कशावरही हे चिन्ह छापता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

बी-१०२ : काका, चिन्ह देशाचे आणि सणही देशाचाच, मग मज्जाव कशासाठी?

ए-३०४ : कागदावर ही मुद्रा दिसली की तो कागद सरकारी आहे असे वाचणारा धरून चालतो, आणि नेमका तोच समज होऊ नये म्हणून ही बंदी आहे. शिवाय नमुन्यातील चित्र राजमुद्रेचे नाहीच. सिंहांच्या बैठकीखाली घंटेच्या आकाराचे उलटे कमळ दिसते आहे, म्हणजे हे सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षाचे छायाचित्र आहे. २६ जानेवारी १९५० रोजी मुद्रा स्वीकारताना ते कमळ वगळले आणि खाली मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन देवनागरीत घेतले. त्या वचनाशिवाय मुद्रा अपूर्ण मानली जाते, आणि आपल्या नमुन्यात ते नाही.

सी-२०१ : काकांचे म्हणणे बरोबर आहे. मूळ शीर्ष उत्तर प्रदेशातील चुनारच्या वालुकाश्माचे, सुमारे सात फूट उंच असून १९०४-०५ मध्ये ब्रिटिशकालीन अभियंते ओर्टेल यांच्या उत्खननात सापडले. सारनाथच्या संग्रहालयात त्याच्यासमोर उभे राहिले की बावीसशे वर्षांनंतरही टिकलेली मौर्यकालीन झिलई पाहून थक्क व्हायला होते. पाठीला पाठ लावून बसलेल्या चार सिंहांच्या बैठकीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह कोरलेले असून दर दोन प्राण्यांमध्ये एक चक्र आहे. मुद्रेत समोरून तीनच सिंह दिसतात आणि मधल्या चक्राच्या डावीकडे घोडा व उजवीकडे बैल येतो. हत्ती मागे राहतो, याची मला नेहमीच थोडी चुटपुट वाटते. संविधानाची हस्तलिखित प्रत सजवणारे चित्रकार नंदलाल बोस यांच्या चमूतील दीनानाथ भार्गव यांनी या सिंहांच्या रेखाटनासाठी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह न्याहाळले होते.

सचिव : आभारी आहे. मुद्रेऐवजी आपल्या आवारातील ध्वजस्तंभाचे छायाचित्र घेतो. सभागृहाबाहेरील जुन्या फलकावरही हेच चिन्ह रंगवलेले आहे. तो फलक या आठवड्यातच उतरवला जाईल.