‘ग्रिड’ला मराठीत काय म्हणावं : जाळी, चौकट की चौफुली?

धुळ्यात आठवी-नववीच्या चित्रकला वर्गासाठी पाच पोस्टरं करतोय. विषय आहे आधुनिक डिझाइनमधली भूमिती, आणि मजकूर सगळा मराठीत हवा.

पहिलं बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइन शाळेचं. १९२३ साली तिथे शिकवणाऱ्या कांडिन्स्की या चित्रकाराने एक प्रश्नावली वाटली होती : त्रिकोण, चौरस आणि वर्तुळ, यांतल्या कोणाला पिवळा, कोणाला तांबडा, कोणाला निळा? त्याचं स्वतःचं उत्तर पिवळा त्रिकोण, तांबडा चौरस, निळं वर्तुळ. इथे पहिली अडचण आली. भूमितीत वर्तुळ म्हणजे फक्त कडेची रेघ, माझं तर आतून निळं भरलेलं आहे. ‘गोल’ लिहिलं तर तो चेंडूसारखा होतो. ‘चकती’ चालेल का?

पण खरा अडलोय तो ‘ग्रिड’पाशी, म्हणजे मांडणीसाठी पानावर आधी आखून घेतलेल्या उभ्या-आडव्या रेघांपाशी. स्विस पोस्टरांचा सगळा डोलारा त्यावर उभा. ‘जाळी’ म्हटलं की खिडकी डोळ्यांसमोर येते आणि ‘चौकट’ म्हटलं की दाराची. कच्चा कागद आबांना दाखवला, तर ते लगेच म्हणाले, “हाई तं चौफुली शे!”

कपाशीची चौफुली. वावरात आधी उभ्या काकऱ्या पाडायच्या, मग तेवढ्याच अंतरावर आडव्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात ती फुली, आणि सरकी टोबायची ती फुलीवरच. पहिल्या चांगल्या पावसात काकऱ्या बुजून जातात, तरी झाडं दोन्ही अंगांनी ओळीत उभी राहतात, म्हणून कोळपं उभंही चालतं, आडवंही. ग्रिडचं काम हेच : रेघा छापायच्या नसतात, पण अक्षरं आणि चित्रं त्यांच्याच आधाराने बसतात. मला हा शब्द फार आवडलाय. तुमचं मत?

प्रतिसाद
‘चकती’ नको, तिला जाडी असते. मुलं ‘वर्तुळ रंगवा’ असंच म्हणतात, तेच ठेवा. ‘चौफुली’चं मात्र पटत नाही. जळगावात कोणालाही विचारा, चौफुली म्हणजे अजिंठा चौफुली, रस्त्यांची. शीर्षक वाचून मुलं रहदारीचं पोस्टर समजतील.

प्रतिसाद
काटकोनाच्या पोस्टरवर ‘गुण्या’, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, जरूर येऊ द्या. आमच्याकडे मिस्त्री भिंतीला गुण्या लावतो आणि ‘गुण्यात आहे’ म्हणतो. ‘काटकोन’ वहीतला शब्द, ‘गुण्या’ हातातला. आणि म्युलर-ब्रोकमान या स्विस डिझायनरचं १९५५चं बेथोव्हेन पोस्टर घेणार असाल तर त्यातल्या काळ्या वळणदार पट्ट्यांना ‘कंस’ लिहू नका. शब्द बरोबर आहे, पण मुलांना आधी बेरजेतले कंस आठवतील. ‘वर्तुळकंस’ लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, रस्त्याचं तुमचं म्हणणं मान्य. मग असं करतो : सगळ्या मांडणीला ‘आखणी’, आणि दोन रेघा छेदतात त्या जागेला ‘फुली’. ‘आखणी’त रेघ ओढण्याचं काम आहे आणि पुढचा बेतही आहे, ‘जाळी’त दोन्ही नाही. कपाशीचं वावर शीर्षकात न घालता चित्रातच काढतो, शेजारी स्विस पोस्टरची आखणी. गुण्या आणि वर्तुळकंस दोन्ही घेतले भाऊ.

आता एकच शब्द उरला. मजकुराच्या दोन स्तंभांमध्ये सोडलेली उभी मोकळी पट्टी. ‘अंतर’ फार ढोबळ वाटतं.

प्रतिसाद
‘गल्ली’ लिहा. दोन घरांच्या ओळींमध्ये असते तशी.