अपेंडिक्सच्या बायोप्सीत १.४ सेंमीची गाठ निघाली, पुन्हा ऑपरेशन करावं का?

धाकट्या भावाचं (वय २७) अपेंडिक्स तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून काढलं. दुसऱ्या दिवशी घरी. टाके दाखवायला गेलो तर सर्जननी बायोप्सीचा कागद पुढे सरकवला: 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १' (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची, सर्वांत हळू वाढणाऱ्या दर्जाची गाठ). सोनोग्राफीत, सीटीत काहीच दिसलं नव्हतं.

रिपोर्टमधलं: आकार १.४ सेंमी, जागा टोकाला, केआय-६७ (गाठीतल्या किती पेशी वाढतायत त्याचं माप) १ टक्का, कापलेली कड मोकळी (तिथे गाठीच्या पेशी नाहीत), मेसोअपेंडिक्समध्ये (अपेंडिक्सला धरून असलेली चरबीची घडी) २ मिमी शिरकाव.

आमचे सर्जन म्हणतात, मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढू, लिम्फ नोडही तपासून होतील. दुसरे म्हणाले, झालं तेवढं पुरे. भाऊ ठणठणीत आहे, जिमला कधी जाऊ विचारतोय. आईने मात्र 'कॅन्सर' एवढंच ऐकलंय, तिचं जेवण तुटलंय. कशाच्या आधारावर ठरवायचं?

प्रतिसाद १:
ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. गाठ १ सेंमीच्या आत असती तर सहसा कुणी पुन्हा हात लावला नसता. २ च्या वर असती तर हेमिकोलेक्टॉमीच (तुमचे सर्जन म्हणतात ते, मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढणं) सांगितली असती. तुम्ही नेमक्या मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून दोन सर्जन, दोन तऱ्हा. इथे बघतात ते असं: गाठ बुडाशी आहे का, घडीतला शिरकाव ३ मिमीच्या वर आहे का, ग्रेड काय आणि रक्त-लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्यात का. पहिल्या तिन्हींत तुमचं ठीक दिसतंय. चौथ्याचा रिपोर्टमध्ये उल्लेखच नाही! तो लेखी मागा. स्लाइड आणि ब्लॉक (लॅबने जपून ठेवलेले गाठीचे नमुने) घेऊन अशा गाठी नेहमी बघणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.

२०२३ मध्ये १५ युरोपीय देशांतल्या २७८ रुग्णांचा अभ्यास आला, सगळे १ ते २ सेंमीवाले. नुसतं अपेंडिक्स काढलेले आणि आतडंही काढलेले, दोघांच्या आयुर्मानात फरक निघाला नाही. हे फक्त या प्रकारापुरतं हं. 'गॉब्लेट सेल' किंवा 'म्युसिनस' (अपेंडिक्सच्या गाठींचे दुसरे प्रकार) लिहिलेलं असतं तर हिशोबच वेगळा. म्युसिनसमध्ये फुटलेल्या अपेंडिक्समधला चिकट द्रव पोटभर पसरण्याची भीती असते.

धागाकर्ती:
लॅबने पुरवणी रिपोर्ट दिला: 'वाहिन्यांत शिरकाव आढळला नाही'. सर्जन आता केस ट्यूमर बोर्डपुढे (वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांची एकत्र बैठक) ठेवणार आहेत. ऑपरेशन नको ठरलं, तर पुढे स्कॅन करत राहायचे का? कुणाला अनुभव?