मदत हवी आहे: लोकसभेतलं मत नावानिशी कुठे सापडेल?

ऐरोलीत राहतो, म्हणजे मतदारसंघ ठाणे लोकसभा. 'एक देश, एक निवडणूक'वर आपल्या खासदारांची भूमिका मला क्लिपांवरून नव्हे, सभागृहाच्या नोंदीवरून हवी आहे. वाचनालयात चर्चा ठेवलीय, तिथे ऐकीव काही सांगायचं नाही.

17 डिसेंबर 2024 ला त्यासाठीचं 129व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडताना मतविभाजन (प्रत्येक सदस्याचं मत मोजून घेतलेलं मतदान) झालं: बाजूने 269, विरोधात 198. बातम्यांत एवढंच. संसदेच्या वेबसाइटवर सदस्याच्या नावाने शोधलं तर प्रश्न आणि भाषणं मिळतात, पीआरएस या खासदारांच्या कामाची माहिती देणाऱ्या संस्थेच्या साइटवर हजेरी. मत कुठेच दिसत नाही. आवाजी मतदानात नावं नोंदत नाहीत हे ठाऊक आहे, पण हे तर मतविभाजन होतं.

त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत नावांची यादी असते का, आणि यंत्राऐवजी कागदी चिठ्ठीवर मत दिलेल्यांची नावंही त्यात येतात का?