मदत हवी आहे: कुर्डू मुद्दाम लावायचा आहे

नमस्कार मंडळी,

कुर्डू म्हणजे शेतात आपसूक उगवणारं तण, पण शीर्षक वाचून हसू नका, आमच्या आईचं हसून झालंय. "जन्मभर ज्वारीतून उपटला, आता बागेत लावा!"

सोलापुरात घराच्या पश्चिमेला १२ बाय ४ फुटांची मुरमाड पट्टी आहे. दुपारनंतर तिथे भिंतीला हात लाववत नाही. गुलाब करपला, शेवंती करपली. आणि त्याच भिंतीखाली फरशीच्या फटीत कुर्डूचं एक झाड आपसूक आलं, कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी दसऱ्याला पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांनी भरलं. मधमाश्या दिवसभर.

गेल्या वर्षी त्याचं बी बोटभर खोल पेरलं. जेमतेम सात-आठ रोपं आली. त्यांना कौतुकाने शेणखत घातलं, रोज ठिबक. झाडं छातीला लागली, पानंच पानं, तुरे किरकोळ, परतीच्या पावसात सगळी आडवी. फटीतलं मात्र ताठ!

यंदा पुडीभर बी आहे. मृगाच्या आधी टाकू की नंतर? ट्रेमध्ये रोपं करू का? आणि शेजाऱ्यांच्या लॉनमध्ये पसरू नये म्हणून काय करू?

वाफसा (एक सदस्य):
खोल पेरलंत तिथेच फसलं. बी खसखशीसारखं बारीक, त्याला उजेड हवा. एक-दोन चांगले पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की बारीक वाळूत कालवून फोकून (विखरून) द्या, वरून तळहाताने दाबा, बस. ट्रेची भानगड नको. चार-सहा पानांवर आल्यावर वीतभर अंतराने एकेक ठेवून बाकीची उपटा आणि लसूण-मिरचीवर परता. श्रावणातली भाजी फुकट. खत अजिबात नको, ठिबक बंद. पावसाने ओढ दिली आणि पानांनी माना टाकल्या तरच पाणी. वीतभर वाढल्यावर शेंडा खुडलात तर फुटवे येतात, झाड पडत नाही.

पसरण्याचं म्हणाल तर तुरा खालून वाळत जातो. शेंडा गुलाबी असतानाच खाली काळं चकचकीत बी तयार असतं. तेव्हाच कापून कागदी पिशवीत उलटा टाका. वाट बघत बसलात तर लॉन गेलंच समजा.

धागाकर्ता:
आभार! शेंडा खुडायचं डोक्यातच नव्हतं. आईने भाजीसाठी अर्धी पट्टी आत्ताच मागून ठेवली आहे. बांधकामाची उरलेली वाळू चाळून घेतली तर चालेल ना?