मदत हवी आहे: रात्रपाळी, दिवसपाळी आणि साखरेच्या सेन्सरचा एकच आलेख

मंडळी, आप्पा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत, पाळी आठवड्याला बदलते. दंडाला रक्तातली साखर मोजणारा सेन्सर १४ दिवस लावला. दर १५ मिनिटांना नोंद, म्हणजे दिवसाला ९६. डॉक्टर म्हणाले, एका पानावर आणा.

अडचण अशी की अ‍ॅप दोन्ही आठवडे मिसळून एकच आलेख काढतं. रात्रपाळीत आप्पांची भाकरी-शेंगाचटणी पहाटे दोनला, दिवसपाळीत त्या वेळी गाढ झोप! मग सरासरीला अर्थ काय? साखर ७० ते १८० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या आत ५८ टक्के वेळ दिसते, पण कोणत्या आठवड्यातला ते कळत नाही.

अ‍ॅपमध्ये तारखा निवडून पाहिल्या, ते आजपासून मागचेच ७ किंवा १४ दिवस देतं. नोंदींची सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) मोबाइलवर उघडली, तर तारीख-महिना उलटसुलट. लॅपटॉप नाही, सायबर कॅफेत जाऊ शकतो. दुसरा सेन्सर एवढ्यात परवडणार नाही. जेवणाच्या वेळा वहीत आहेत. गोळ्यांचा सल्ला नकोय, तो डॉक्टर देतील.

सोमवारी दाखवायचंय. मोबाइलवरच्या शीटमध्ये तारखा सरळ करून दोन पाळ्यांचे वेगळे आलेख, तेही घड्याळाऐवजी जेवणाच्या वेळेपासून मोजून, कसे काढायचे?