विवेचक कुंपणाच्या तारेवरून

वर्गसमीकरणाचा (ax² + bx + c = 0) विवेचक, म्हणजे b² − 4ac, ऋण आला की ‘वास्तव मुळं नाहीत’, म्हणजे वास्तव संख्यांत उत्तर नाही, हे मुलं पाठ करतात, पण अर्थ पोचत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. इथे नागपुरात भाचीला मी कागदावर संत्र्याच्या रोपांभोवती ४० मीटर तारेचं आयताकृती कुंपण घालायला लावलं. एक बाजू क्ष, दुसरी २० − क्ष.

क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर हवं तर क्ष² − २०क्ष + ९६ = ०. विवेचक ४०० − ३८४ = १६, बाजू १२ आणि ८. १०० हवं तर विवेचक शून्य, कुंपण चौरसच. ११० मागितलं, विवेचक −४०. ती लगेच म्हणाली, “मामा, तेवढी तार पुरणारच नाही!”

आणि हे जरूर दाखवा: १२ आणि ८ हे १० पासून, म्हणजे त्या चौरसाच्या बाजूपासून, सारखेच लांब, २-२ अंतरावर. विवेचकाच्या वर्गमुळाच्या निम्मं.